वर्णपट विश्लेषक व शीघ्र रेडिओ शक्तिमापन

शीघ्र रेडिओ शक्तिमापन : आकाशकाने (रेडिओ तरंग सोडणाऱ्या वा ग्रहण करणाऱ्या रचनेने) पकडलेल्या संकेताची शक्ती किती आहे, ती कोणत्या कंप्रतेस (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येस) एकवटली आहे व ती कोणत्या क्षणी बदलली, या तीन प्रश्नांची उत्तरे माणसाच्या हाताची वा डोळ्याची मदत न घेता सेकंदाच्या अल्पांशात मिळविण्याच्या तंत्रास ही संज्ञा लावता येईल. या तंत्राचे प्रमुख साधन म्हणजे वर्णपट विश्लेषक होय. प्रयोगशाळांतील नित्याच्या व्यवहारात त्यास स्पेक्ट्रम ॲनलायझर असेच म्हणतात. लोलक ज्याप्रमाणे पांढऱ्या प्रकाशातील रंग अलग करतो त्याप्रमाणे हे उपकरण संमिश्र रेडिओ संकेतातील निरनिराळ्या कंप्रतांचे घटक अलग करून प्रत्येकाची शक्ती दाखविते. वरील तीनही प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी सारख्याच काटेकोरपणे मिळू शकत नाहीत. कंप्रता बारकाईने पाहू गेल्यास वेळ अधिक लागतो व वेळ बारकाईने पाहू गेल्यास कंप्रता अस्पष्ट होते. त्यामुळे या विषयाचा इतिहास बव्हंशी या दोहोंमधील तडजोडीचा इतिहास आहे.

मापन मंद असण्याने होणारे नुकसान केवळ वेळेचे नसते. मापकाच्या काट्याला हलण्यास लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी काळ टिकणारा संकेत त्या मापकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. उलट, जवळच्या मोटारीच्या प्रज्वलन मंडलातील ठिणगी किंवा सदोष वीजवाहक तार यांपासून निघालेला क्षणिक स्पंद दूरवरच्या ताऱ्याचा म्हणून गणला जाण्याचा धोकाही तितकाच असतो. या दोन्ही चुका शास्त्राच्या इतिहासात घडलेल्या आहेत.

प्रारंभीची साधने : हाइन्‍रिख हर्ट्‌झ (१८५७–९४) यांनी १८८७-८८ मध्ये रेडिओ तरंगांचे अस्तित्व सिद्ध केले तेव्हा ग्राहीतील बारीक फटीत उडणारी ठिणगी हीच तरंगांची खूण होती. एदुआर ब्रान्‍ली यांनी १८९० च्या सुमारास प्रचारात आणलेल्या कोहिअरर या धातूचा कीस भरलेल्या नळीवरून तरंग आला किंवा आला नाही एवढेच कळे. तो किती प्रबल होता ते कळत नसे. शक्तीचे खरेखुरे मापन उष्णतेच्या मार्गाने आले. सॅम्युएल लँग्‍ली (१८३४–१९०६) यांनी १८७८ नंतर सूर्याचे प्रारण मोजण्यासाठी बोलोमीटर तयार केला होता. प्रारणाने तापलेल्या प्लॅटिनमाच्या पातळ पट्टीचा विद्युत् रोध बदलतो व त्या बदलावरून शोषलेली शक्ती काढता येते. हेच तत्त्व पुढे बारीक तार, तपयुग्म व थर्मिस्टर (तापमानानुसार ज्याचा विद्युत् रोध झपाट्याने बदलतो असा अर्धसंवाहक घटक) यांच्या द्वारे रेडिओ तरंगांसाठी वापरण्यात आले. उष्णता तरंगाच्या आकारावर अवलंबून नसल्याने ही पद्धत मूलतः विश्वासार्ह आहे व राष्ट्रीय मानक प्रयोगशाळांमध्ये शक्तीची मानके आजही उष्णतामापनावरच आधारलेली असतात.

मात्र उष्णतेला घाई करता येत नाही. तापलेला घटक निवण्यास वेळ लागतो व त्या वेळात येऊन गेलेल्या सर्व स्पंदांची केवळ सरासरी हाती येते. दुसऱ्या महायुद्धातील रडारच्या प्रेषकाचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. प्रत्येकी १ मायक्रोसेकंद टिकणारे स्पंद दर सेकंदास १,००० या प्रमाणात सोडले, तर प्रेषक एकूण काळाच्या केवळ हजाराव्या भागात कार्यरत असतो. औष्णिक मापक सरासरी शक्ती दाखवितो व ती स्पंदातील शक्तीच्या एक सहस्रांश, म्हणजे ३० डेसिबेलने कमी असते. स्पंदाची रुंदी व संख्या स्वतंत्रपणे मोजली असेल तरच मूळ शक्ती गणिताने काढता येते.

येथे डेसिबेल या एककाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. बेल टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांनी १९२४ मध्ये स्वीकारलेल्या एककास १९२८ मध्ये हे नाव देण्यात आले. दोन शक्तींच्या गुणोत्तराच्या लॉगरिथमाची दहापट म्हणजे डेसिबेलमधील फरक होय. शक्ती दहापट झाल्यास १० डेसिबेल, हजारपट झाल्यास ३० डेसिबेल वाढ होते. एक मिलिवॉट ही संदर्भ शक्ती धरली असता मिळणाऱ्या पातळीस अभियंते डीबीएम म्हणतात. सामान्य तापमानास कोणत्याही संवाहकातील इलेक्ट्रॉनांच्या स्वैर हालचालींमुळे निर्माण होणारा गोंगाट दर हर्ट्‌झ पट्टरुंदीमागे −१७४ डीबीएम असतो. जे. बी. जॉन्सन यांनी तो प्रयोगाने मोजला व हॅरी नायक्विस्ट यांनी त्याची उपपत्ती दिली (१९२८). पट्टरुंदी १ मेगॅहर्ट्‌झ ठेवल्यास ही तळरेषा −११४ डीबीएमपर्यंत चढते. ज्यास शीघ्र मापन हवे त्यास रुंद पट्टा घ्यावा लागतो आणि रुंद पट्टा घेतला की गोंगाट वाढतो, हा या विषयातील पहिला अडसर होय.

कागदावरील नोंद : स्वयंचलनाची पहिली पायरी संगणकाची नव्हती, कागदाच्या गुंडाळीची होती. कार्ल जॅन्स्की (१९०५–५०) यांनी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील होल्मडेल येथे २०·५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर चालणारा व मोटारीच्या चाकांवर दर २० मिनिटांस एक प्रदक्षिणा करणारा सु. ३० मी. लांबीचा आकाशक उभारला. ग्राहीच्या उत्पादनास आलेखक जोडलेला होता. १९३१-३२ मधील या आलेखांवर दर २३ तास ५६ मिनिटांनी परत येणारा एक मंद उंचवटा दिसला व त्यावरून तो आकाशगंगेतून येत असल्याचे १९३३ मध्ये जाहीर झाले. हा उंचवटा काट्याकडे पाहत बसलेल्या माणसाच्या लक्षात आला असता असे वाटत नाही. अनेक दिवसांचे आलेख एकाशेजारी एक ठेवून पाहिल्यावरच चार मिनिटांचा फरक उघड होतो.

इलिनॉय राज्यातील व्हीटन येथे स्वतःच्या घराच्या अंगणात १९३७ मध्ये सु. ९·५ मी. व्यासाची अन्वस्तीय तबकडी बांधणाऱ्या ग्रोट रेबर (१९११–२००२) यांच्या नोंदींवर आकाशगंगेच्या गुळगुळीत रेषेवर जागोजाग उभ्या रेघा उमटलेल्या आढळतात. त्या जवळून जाणाऱ्या मोटारींच्या प्रज्वलन मंडलातील ठिणग्यांच्या होत. यामुळे त्यांना बरेचसे काम रात्रीच करावे लागे. हे आलेख वाचणाऱ्याला टोकदार रेघ आकाशाची नाही एवढे सहज कळे. यंत्राला ते कसे कळावे, हा प्रश्न पुढील सर्व पिढ्यांना पुरला.

रॉबर्ट डिकी (१९१६–९७) यांनी युद्धकाळात रचलेल्या व १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रारणमापकाने या क्षेत्रास गणिती पाया दिला. त्यात ग्राही आकाशक व ज्ञात तापमानाचा संदर्भ घटक यांच्यात वारंवार आलटूनपालटून जोडला जातो, त्यामुळे विवर्धकाच्या लाभातील संथ बदल आपोआप वजा होतात. गोंगाटाच्या मापनातील अनिश्चितता पट्टरुंदी व मापनकाल यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. १ मेगॅहर्ट्‌झ पट्टरुंदी व १ मिलिसेकंद काल घेतल्यास गुणाकार १,००० येतो व मापनात सु. ३ टक्के चढउतार राहतो. एक पूर्ण सेकंद थांबल्यास तो ०·१ टक्क्यावर येतो. घाई करणाऱ्याला ही किंमत द्यावीच लागते व कोणत्याही उपकरणाने ती टळत नाही.

कंप्रतेचे झाडण : एडविन आर्मस्ट्राँग (१८९०–१९५४) यांनी १९१८ मध्ये शोधलेल्या सुपरहेटरोडाइन ग्राहीत येणारा संकेत स्थानिक आंदोलकाच्या कंप्रतेशी मिसळून एका ठराविक मध्यम कंप्रतेवर आणला जातो. स्थानिक आंदोलकाची कंप्रता माणसाने हाताने बदलण्याऐवजी करवतीच्या दात्याच्या आकाराच्या विद्युत् दाबाने सतत बदलत ठेवली आणि तोच दाब ऋण किरण नलिकेवरील ठिपका आडवा सरकविण्यास वापरला, तर पडद्यावर कंप्रता आडव्या व शक्ती उभ्या दिशेने रेखली जाते. वर्णपट विश्लेषकाची सारी कल्पना एवढीच आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे प्रेषण हुडकण्यासाठी अशा सर्वदर्शी ग्राहींचा उपयोग झाला. एका कंप्रतेवर कान लावून बसलेल्या श्रोत्याला शेजारच्या कंप्रतेवर क्षणभर चाललेले प्रेषण कळत नाही, ही त्यांमागील निकड होती.

या पद्धतीचा सर्वांत फलदायी शास्त्रीय उपयोग ऑस्ट्रेलियात झाला. सूर्यापासून येणारे रेडिओ स्फोट एका कंप्रतेवर मोजले असता केवळ वेड्यावाकड्या चढउतारांची मालिका दिसे. पॉल वाइल्ड (१९२३–२००८) व एल्. एल्. मॅक्‌क्रेडी यांनी सिडनीजवळील पेनरिथ येथे १९४९ मध्ये ७० ते १३० मेगॅहर्ट्‌झ हा संपूर्ण पट्टा सेकंदाच्या आत पुन:पुन्हा झाडून काढणारा वर्णपटलेखक उभारला व पडद्यावरील चित्रांचे चित्रण केले. काल व कंप्रता यांच्या पटावर हे चढउतार मांडताच त्यांत शिस्त दिसून आली. वाइल्ड यांनी १९५० मध्ये स्फोटांचे तीन प्रकार केले व ते वर्गीकरण आजही रूढ आहे. तिसऱ्या प्रकारचा स्फोट सेकंदाला सु. २० मेगॅहर्ट्‌झ वेगाने उच्च कंप्रतेकडून नीच कंप्रतेकडे घसरतो. दुसऱ्या प्रकारची घसरण त्याहून सु. शंभरपट मंद असते. सूर्याच्या वातावरणात जसजसे वर जावे तसतशी इलेक्ट्रॉनांची घनता व तिच्याशी निगडित कंप्रता कमी होते. म्हणून घसरणीच्या वेगावरून उद्गमाचा वर चढण्याचा वेग काढता येतो. तिसऱ्या प्रकारामागे प्रकाशवेगाच्या सु. एक-तृतीयांश वेगाने जाणारे इलेक्ट्रॉनांचे झोत व दुसऱ्या प्रकारामागे सेकंदाला सु. १,००० किमी. वेगाचे आघात तरंग आहेत असे यातून निष्पन्न झाले. मापन दहापट मंद असते, तर तिसऱ्या प्रकारची तिरपी रेषा पडद्यावर उमटलीच नसती.

झाडणाचा वेग हवा तितका वाढविता येत नाही. उपकरणातील अरुंद छानकास (ठराविक पट्ट्याबाहेरील कंप्रता अडविणाऱ्या मंडलास) संकेताला पूर्ण प्रतिसाद देण्यासाठी पट्टरुंदीच्या व्यस्त प्रमाणात वेळ लागतो. त्यामुळे झाडणास लागणारा किमान काल झाडावयाच्या पट्ट्याच्या सम प्रमाणात व छानकाच्या पट्टरुंदीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. नेहमीच्या छानकांसाठी यातील गुणक २ ते ३ असतो. तो २·५ धरल्यास १०० मेगॅहर्ट्‌झचा पट्टा १० किलोहर्ट्‌झच्या छानकाने झाडण्यास २·५ सेकंद लागतात. छानक १ किलोहर्ट्‌झचा केला की हाच काल २५० सेकंदांवर, म्हणजे चार मिनिटांहून अधिकावर जातो. याहून घाई केल्यास शिखरे ठेंगणी व रुंद होतात आणि आपल्या खऱ्या कंप्रतेपासून पुढे सरकलेली दिसतात. उपकरण मात्र चित्र काढतच राहते. शिवाय २५० सेकंदांच्या झाडणात प्रत्येक कंप्रतेवर पाते क्षणभरच फिरते व बाकी सर्व काळ त्या कंप्रतेवर काय घडले ते अज्ञात राहते.

यास पर्याय म्हणजे झाडण थांबविणे. पट्टा शून्य करून उपकरण एकाच कंप्रतेवर स्थिर ठेवले, तर आडवा अक्ष कंप्रतेचा न राहता काळाचा होतो व वर्णपट विश्लेषक हा एक अंशांकित शीघ्र शक्तिमापक बनतो. छानक १ मेगॅहर्ट्‌झचा ठेवल्यास मायक्रोसेकंदाच्या सुमाराचे बदल दिसू शकतात. शीघ्र शक्तिमापनात या साधनाचा खरा उपयोग बहुधा याच रीतीने होतो.

केंब्रिजचा आलेख : वेगाचे महत्त्व सर्वांत ठळकपणे १९६७ मध्ये प्रत्ययास आले. अँटनी ह्यूइश यांच्या मार्गदर्शनाखाली केंब्रिज येथे २,०४८ द्विध्रुवांचा, सु. १·८ हेक्टर क्षेत्र व्यापणारा व ८१·५ मेगॅहर्ट्‌झवर काम करणारा आकाशक त्या वर्षी सुरू झाला. सौर वाऱ्यामुळे लहान कोनीय आकाराच्या उद्गमांचे होणारे लुकलुकणे टिपणे हा त्याचा उद्देश होता. लुकलुकणे सेकंदाच्या सुमाराचे असल्याने नेहमीच्या रेडिओ दूरदर्शकात चढउतार गुळगुळीत करण्यासाठी ठेवीत तसा दीर्घ कालस्थिरांक येथे चालणार नव्हता. तो मुद्दाम अल्प ठेवावा लागला. दररोज सु. ३० मी. कागद बाहेर पडे व तो जोसेलिन बेल (जन्म १९४३) ही संशोधक विद्यार्थिनी डोळ्यांनी तपाशी. आकाशाची एक फेरी चार दिवसांत पुरी होई, अशा सु. १२० मी. कागदावर जेमतेम ६ मिमी. जागा व्यापणारी एक अस्पष्ट खरखर ऑगस्टमध्ये तिच्या दृष्टीस पडली. ती लुकलुकणाऱ्या उद्गमासारखी नव्हती व माणसाने निर्माण केलेल्या व्यत्ययासारखीही नव्हती, आणि ती ताऱ्यांच्या काळाबरोबर फिरत होती.

कागद नेहमीच्या गतीने सरकत असता खरखरीतील घटक अलग होत नव्हते. शीघ्रगती आलेखक जोडून २८ नोव्हेंबर १९६७ रोजी नोंद घेण्यात आली तेव्हा सु. १·३ सेकंदाच्या समान अंतराने येणारे स्पंद स्वच्छ दिसले. पल्सार या वर्गातील ताऱ्यांचा हा पहिला शोध फेब्रुवारी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्यूइश यांना १९७४ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, बेल यांना नाही. याविषयी पुष्कळ टीका झाली व ती रास्त होती असे म्हणावे लागेल. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. या नोंदी प्रारंभी संगणकाकडे न सोपविण्याचा निर्णय जाणूनबुजून घेण्यात आला होता, कारण नव्या उपकरणाचा स्वभाव कळेपर्यंत माणसाच्या नजरेवर विसंबणे अधिक सुरक्षित वाटत होते. नेहमीच्या लुकलुकण्याची अपेक्षा धरून आज्ञावली लिहिली गेली असती, तर त्या ६ मिमी. खरखरीचे काय झाले असते, हे सांगणे कठीण नाही.

उपकरण व संगणक : तोपर्यंतचे वर्णपट विश्लेषक संकेत आहे हे दाखवीत; त्याची शक्ती अचूक सांगत नसत. ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९६४ मध्ये आणलेल्या ८५१/८५५१ या उपकरणाने सूक्ष्मतरंग पट्ट्यात एका वेळी २ गिगॅहर्ट्‌झपर्यंतचा पट्टा अंशांकित स्वरूपात दाखविला. पडद्यावरील रेघेच्या उंचीला आता डेसिबेलमध्ये अर्थ आला. तरी ती उंची वाचणारा माणूसच होता व तो वहीत लिहून घेई किंवा पडद्याचे छायाचित्र काढी.

हा माणूस मधून काढण्यासाठी उपकरणे व संगणक यांच्यात समान भाषा हवी होती. प्रत्येक उपकरणासाठी निराळी जोडणी करावी लागे तोवर स्वयंचलन मोठ्या प्रयोगशाळांपुरतेच राहिले. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने आपल्या उपकरणांसाठी तयार केलेली समाईक वाहिनी अमेरिकेतील विद्युत् व इलेक्ट्रॉनीय अभियंत्यांच्या संस्थेने १९७५ मध्ये ४८८ या क्रमांकाचे मानक म्हणून स्वीकारली. तिच्यात एकूण १६ संकेतवाही तारा असून त्यांपैकी आठ तारांतून माहिती जाते, व एका वाहिनीवर १५ पर्यंत उपकरणे जोडता येतात. कोणत्याही क्षणी एक उपकरण वक्ता असते, एक वा अधिक श्रोते असतात आणि कोणी केव्हा बोलावे ते नियंत्रक ठरवितो. तीन तारा केवळ परस्परांच्या होकारासाठी राखलेल्या असतात. सर्व श्रोत्यांनी अक्षर घेतल्याचे कळविल्याशिवाय वक्ता पुढचे अक्षर उच्चारीत नाही. अर्थात सारी सभा सर्वांत मंद श्रोत्याच्या गतीने चालते. ही रचना इतकी सोयीची ठरली की, तिचे कनेक्टर अर्धशतकानंतरही प्रयोगशाळांत आढळतात. आज्ञांचे शब्द मात्र प्रत्येक उत्पादकाचे निराळे असत. ते एकसारखे करणारे एस्‌सीपीआय हे मानक १९९० मध्ये आले.

१९७८ मध्ये आलेल्या ८५६८ए या वर्णपट विश्लेषकात सूक्ष्मप्रक्रियक उपकरणाच्या आतच बसविलेला होता. कंप्रता, छानक, संदर्भ पातळी, झाडणाचा काल ही सर्व नियंत्रणे वाहिनीवरून बदलता येत व एका झाडणाची १,००१ बिंदूंची अंकीय नोंद संगणकाकडे पाठविता येई. हाताने दिवसभर चालणारे मापन मेजावरील संगणकाच्या काही ओळींच्या आज्ञावलीने होऊ लागले.

यातून चुकांची एक नवीन जात निर्माण झाली, व तिचा परिचय उपकरणांच्या माहितीपुस्तकांपेक्षा अनुभवानेच होतो. झाडण पूर्ण होण्यापूर्वीच संगणकाने नोंद मागितल्यास अर्धी नोंद नवी व अर्धी जुनी येते. म्हणून एकच झाडण करण्याची आज्ञा देऊन ते संपल्याची खूण येईपर्यंत थांबावे लागते. प्रबल संकेताने मिश्रक अतिभारित झाल्यास नसलेल्या कंप्रता पडद्यावर दिसतात. प्रवेशद्वाराशी असलेला क्षीणक १० डेसिबेलने वाढवून रेघेची उंची बदलते का, हे पाहणे हा त्यावरील सोपा उपाय आहे. सर्वांत फसवी चूक सरासरीची आहे. पडद्यावरील आकडे डेसिबेलमध्ये, म्हणजे लॉगरिथमात असतात. गोंगाटसदृश संकेताच्या अशा आकड्यांची तशीच सरासरी काढली, तर ती खऱ्या सरासरी शक्तीपेक्षा सु. २·५ डेसिबेलने कमी येते. प्रत्येक आकडा आधी मिलिवॉटमध्ये रूपांतरित करून, सरासरी काढून, मग पुन्हा डेसिबेलमध्ये आणणे हीच योग्य रीत होय. २·५ डेसिबेल म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. संगणक हजार वेळा तीच चूक करून उत्तर दशांश चिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत छापतो व ते पाहून कोणालाही संशय येत नाही.

वेगाच्या मर्यादाही बदलल्या. झाडणास २० मिलिसेकंद लागत असले, पण नोंद पाठविणे, साठविणे व पुढील झाडणाची तयारी यांत १८० मिलिसेकंद जात असले, तर उपकरण दहापैकी नऊ भाग काळ आंधळे असते. अक्षरांच्या रूपात पाठविलेला एक आकडा सहा-सात स्थाने घेतो, तोच द्विमान रूपात दोन स्थानांत मावतो. एवढ्या बदलानेही पुष्कळ काल वाचतो. याहून परिणामकारक उपाय म्हणजे शून्य पट्ट्यात उपकरणाला संकेतानेच चालना देणे. १९९१ पासून फिनलंडमध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झालेल्या जीएसएम पद्धतीच्या मोबाइल दूरध्वनीत ४·६१५ मिलिसेकंदांच्या चौकटीचे आठ भाग केलेले असतात व संच आपल्या वाट्याच्या ५७७ मायक्रोसेकंदांतच प्रेषण करतो. औष्णिक मापक अशा संचाची शक्ती ९ डेसिबेलने कमी दाखवितो. स्पंदाच्या चढत्या कडेला चालना घेऊन, कडा सोडून मधल्या सपाट भागाचीच सरासरी काढली की योग्य उत्तर मिळते. कारखान्यात प्रत्येक संचाची अशी चाचणी काही क्षणांत उरकावी लागत असल्याने स्वयंचलनाला व्यापारी बळ मिळाले ते या उद्योगामुळे.

झाडणाचा मूळ दोष, म्हणजे एका वेळी एकच कंप्रता पाहणे, दूर झाला तो अंकीय गणनेने. सँडर वाइनरेब यांनी उभारलेल्या अंकीय स्वसहसंबंध वर्णपटमापकाने १९६३ मध्ये आंतरतारकीय हायड्रॉक्सिल रेणूची रेषा शोधून अंकीय मार्ग प्रशस्त केला होता. जे. डब्ल्यू. कूली व जे. डब्ल्यू. टुकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शीघ्र फूर्ये रूपांतराने गणनेचे श्रम कमालीचे घटले : १,०२४ नमुन्यांसाठी सु. दहा लाख गुणाकारांऐवजी दहा हजारांच्या सुमाराचे पुरतात. संकेताचे नमुने पुरेशा वेगाने घेऊन ही गणना अखंड चालू ठेवता आली की सर्व कंप्रता एकाच वेळी दिसतात व आंधळा काळ उरत नाही.

महाराष्ट्रातील कार्य : टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी मुंबईजवळ कल्याण येथे १९६५ मध्ये प्रत्येकी १·८ मी. व्यासाच्या ३२ तबकड्यांचा आकाशकसमूह उभारून ६१० मेगॅहर्ट्‌झवर सूर्याचे निरीक्षण सुरू केले. या तबकड्या मूळ सिडनी येथील पॉट्स हिलच्या समूहातील होत्या व ऑस्ट्रेलियाने त्या भारतास दिल्या होत्या. पुढे पुण्याच्या उत्तरेस सु. ८० किमी.वर, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळील खोडद येथे ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्यांचा महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शक उभा राहिला. २००१ मध्ये तो जगातील शास्त्रज्ञांना खुला झाला. जागा निवडताना रेडिओ शांतता हा एक प्रमुख निकष होता. परंतु शांतता टिकत नाही. वीजवाहक तारांवरील ठिणग्या, दूरचित्रवाणीचे सदोष विवर्धक व मोबाइल दूरध्वनीचे मनोरे यांमुळे परिसराचे वर्णपट मोजत राहणे हा तेथील नित्याचा भाग झाला आहे.

व्यत्ययाची ओळख पटविणे किती निकराचे असू शकते, हे ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथे दिसून आले. २००१ मधील नोंदींतून डंकन लॉरिमर व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ५ मिलिसेकंदांहून कमी काळ टिकलेला एक प्रबल स्फोट जाहीर केला. उच्च कंप्रता आधी व नीच कंप्रता नंतर पोहोचल्याने तो आकाशगंगेच्या फार पलीकडचा वाटत होता. परंतु याच दूरदर्शकावर जवळजवळ तशीच घसरण दाखविणारे व निःसंशय पृथ्वीवरचे असे काही स्पंदही आढळले व २०११ मध्ये ते प्रसिद्ध होताच मूळ शोधावरच संशयाचे सावट आले. डिसेंबर २०१४ मध्ये तेथे व्यत्यय-निरीक्षक ग्राही बसविण्यात आला. जानेवारी २०१५ मध्ये असे तीन स्पंद आले तेव्हा त्याच वेळी २·४ गिगॅहर्ट्‌झजवळ प्रबल संकेत असल्याचे या ग्राहीच्या नोंदींत सापडले. शोध घेता वेधशाळेतील सूक्ष्मतरंग भट्टीचे दार ती बंद होण्यापूर्वीच उघडले असता असे स्पंद निर्माण होतात हे प्रयोगाने सिद्ध झाले. लॉरिमर स्फोट मात्र त्यांपैकी नव्हता. शीघ्र रेडिओ स्फोट हा वर्ग आज सर्वमान्य आहे.

खोडद येथील दूरदर्शकाचे २०१० नंतरच्या दशकात नूतनीकरण होऊन पट्टरुंदी ३२ मेगॅहर्ट्‌झवरून ४०० मेगॅहर्ट्‌झपर्यंत वाढली. वीजवाहक तारांचे क्षणिक स्पंद गाळण्यासाठी तेथे प्रत्येक आकाशकाचे नमुने येत असतानाच तपासले जातात. मर्यादा ठरविण्यासाठी सरासरीऐवजी मध्यक व त्यापासूनच्या विचलनांचा मध्यक वापरतात, कारण एक-दोन प्रचंड स्पंदांनी सरासरी खेचली जाते, मध्यक सहसा ढळत नाही. मर्यादा फार खाली आणल्यास आकाशातील खरे स्फोटही छाटले जातील व फार वर ठेवल्यास तारांचे स्पंद आत शिरतील. या नूतन यंत्रणेने एफआरबी १८०९१६ या पुनरावर्ती उद्गमापासूनचे १५ स्फोट ५५० ते ७५० मेगॅहर्ट्‌झ पट्ट्यात नोंदले व ते निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.